उखळातले मोबाईल

पहिला मोबाईल मी कांडला तो बटणांचा होता, निळा. पाठीवर कुणीतरी नखपॉलिशनं फूल काढलं होतं. तिसऱ्या घावाला त्याची बटणं भुईमुगाच्या दाण्यांसारखी सुटली, चौथ्या घावाला काच गेली. ज्या पोरीचा तो होता ती उखळाशी उकिडवी बसून हातानं तुकडे आत सारत होती. मुसळ वर गेलं की हात आत, मुसळ यायच्या आधी हात बाहेर. मिरची कांडताना आमच्याकडं असंच करतात. एक उभी राहून घाव घालते, दुसरी बसून सारते. दोघींचा श्वास एक झाला की चूक होत नाही. त्या दिवशी मात्र माझा श्वास तिच्याशी जुळेना, कारण ती रडत होती, आणि शाळेच्या सगळ्या पोरी पटांगणात रांगेनं बसून बघत होत्या.

त्यानंतर मी आणखी सहा कांडले. सातवा कांडला त्याचीच ही गोष्ट आहे.

शाळा एटापल्लीच्याही पुढं आहे, रस्ता अरुंद होत होत जंगलात जातो तिथं. मुलींची निवासी शाळा. मी तिथं स्वयंपाकाला मदतनीस. माझं गाव चिमूरकडचं. पहाटेची गाडी धरली आणि पुढच्या सगळ्या गाड्या मिळाल्या तर अख्खा दिवस लागतो, म्हणून मी जातच नाही. खरं कारण ते नाही, पण विचारणाऱ्याला मी तेच सांगते.

आठवीत होते तेव्हा आई मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं नेली. गावातल्या माणसांनी डबे वाजवत जाऊन जेवढी सापडली तेवढी आणली. घरात बाप आणि तीन भाऊ. कुणीतरी भात रांधायला पाहिजे होता, म्हणून शाळा सुटली. पुढं लग्न झालं. नवरा हाताला लागेल त्यानं मारायचा. एकदा हाताला कुकरचं झाकण लागलं, त्यात माझा पुढचा दात गेला. तो पदराला बांधून मी माहेरी आले, तर मोठा भाऊ म्हणाला, बाकीचे तर आहेत ना. तेव्हा मार मला काही परका नव्हता. परकं होतं ते एवढंच, की मारणारी मी असेन.

या शाळेत मला मॅडमनं ठेवलं. मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नागपूरच्या, बारीक अंगाच्या, दम्याचा पंप पर्समध्ये आणि जीभ सुरीसारखी. माझ्याकडं कागद एकच होता, आठवीतून नाव काढल्याचा. तो त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, आठवी खूप झाली, तांदूळ किती आला अन् किती गेला हे लिहायला बी.ए. लागत नाही. आणि कोठीची किल्ली हातात दिली. आयुष्यात कुणी मला किल्ली दिली नव्हती. मी ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली. स्वभाव माझा भित्रा. गॅस बंद केला तरी तीनदा जाऊन बघते, कुलूप लावलं तरी ओढून बघते. पोरी हसायच्या, म्हणायच्या, मावशी, कुलूप पळून नाई गेलं, इथीच आहे.

मोबाईल कांडायचा नियम मॅडमचा नव्हता. तो शाळेच्या समितीचा होता. समितीत पालक असतात, गावातले, आजूबाजूच्या वाड्या-टोल्यांवरचे. अध्यक्ष होते त्यांना सगळे अध्यक्षभाऊ म्हणत. धान आणि थोडा तेंदूपत्त्याचा धंदा. त्यांची सख्खी पुतणी आमच्याच शाळेत नववीला होती. फोनवर कुणाशी ओळख झाली, तो हैदराबादेत कंपनीत आहे म्हणाला, आणि ती गेली. चार महिन्यांनी परत आणली तेव्हा तिच्या पाठीवर विड्या विझवलेल्या होत्या. ती आता घरातच असते, कुणी मोठ्यानं दार लावलं तर खाटेखाली जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तिला आंबील द्यायला मी जायची. म्हणून अध्यक्षभाऊंना मी वाईट माणूस म्हणणार नाही.

तर समितीत ठरलं, पोरीजवळ फोन सापडला की सगळ्यांसमोर फोडायचा, आणि दुसऱ्यांदा सापडला तर शाळेतून नाव कमी. पहिल्यांदा त्यांनी स्वतः झेंड्याच्या ओट्यावर फोन ठेवून दगडानं फोडला. काचेचा तुकडा उडाला तो समोर बसलेल्या तिसरीतल्या पोरीच्या भुवईत शिरला. टाके पडले. मग समितीची पुन्हा बैठक झाली, आणि सुधारणा म्हणून ठरलं की फोन उखळात कांडायचा. उखळ खोल असतं, तुकडे उडत नाहीत. उखळ माझ्या स्वयंपाकघरामागं, पटांगणाच्या कडेला होतं, दगडी, जमिनीत पुरलेलं. कांडायची सवय मला. आणि जिचा फोन तिनंच सारायचं, म्हणजे तिला जन्मभर ध्यानात राहील. मॅडमनं विरोध केला, वहीत लिहून सही केली. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांचा एकट्यांचाच हात खाली राहिला.

कांडायच्या आधी अध्यक्षभाऊ फोनचं मागचं झाकण काढून बॅटरी काढून घेत. ती टॉर्चला जोडता येते म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. फोन कांडून झाला की मी उखळ राखेनं घासायची, पाण्यानं धुवायची, पुन्हा घासायची. तरी एकदा एका पोरीच्या चटणीत काच निघाली. तिच्या जिभेतून रक्त आलं. तिनं तो तुकडा तळहातावर ठेवून मला दाखवला, कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मिरची मी पाट्यावर वाटायला लागले.

याच काळात मॅडम टॅबलेटच्या मागं लागल्या होत्या. शाळेला वीस टॅबलेट कधीचे मिळालेले होते, आणि कधीपासूनच ते लोखंडी कपाटात बंद होते. आधीच्या मुख्याध्यापकांनी खोक्यांवरची टेपसुद्धा काढली नव्हती. तुटला तर उत्तर कोण देणार. मॅडमनं खोकी उघडली तर चारांची पोटं पुरीसारखी फुगलेली. मी हात लावायला गेले तशी त्या ओरडल्या. म्हणाल्या, यात बॅटरी आहे, दाबली, टोचली तर पेट घेते, आणि ही आग पाण्यानं ऐकत नाही. ते चार टॅबलेट आम्ही रेतीच्या घमेल्यात घालून मागं झाडाखाली ठेवले. मला ते नीट समजलं होतं. पण टॅबलेटचं म्हणून समजलं होतं. मोबाईलच्या पोटातही तेच असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आजही भांडी घासताना मधेच हात थांबतो तो यानंच.

उरलेल्या सोळांसाठी मॅडमनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आराखडा केला. कोणता वर्ग कोणत्या तासाला, दोघींत एक टॅबलेट, चार्जिंग सोलरवर ऊन असेल तेव्हाच, आणि चार्जिंग चालू असताना एक माणूस खोलीत बसलेला हवा. माणूस म्हणजे मी. मी जुन्या गणवेशांच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीवर दोऱ्यानं नंबर काढला. कोणत्या नंबरचा कोणाला दिला, किती वाजता परत आला, हे मी वहीत लिहायची. अक्षर माझं आठवीतलंच होतं, गोल-गोल, पण मॅडम रोज तळाशी सही करत. सरकारी एक फॉर्म पण होता, शाळेचा तंत्रज्ञान आराखडा म्हणून. मॅडम तो माझ्यासमोर भरत होत्या. एका रकान्यात विचारलं होतं, विद्यार्थ्यांकडच्या स्वतःच्या उपकरणांचं व्यवस्थापन तुम्ही कसं करता. मॅडमनं पेन खाली ठेवलं.

"इथी काय लिहू?" त्या म्हणाल्या. "उखळ?"

आम्ही दोघी हसलो. रकाना कोराच राहिला.

दहावीत एक माडिया आदिवासी मुलगी होती. नदीपलीकडच्या गावची, उंच, कमी बोलणारी, गणितात पहिली. तिचे आई-बाप दरवर्षी डिसेंबर लागला की तेलंगणात मिरची तोडायला जातात. ठेकेदार त्यांना आज या शेतावर, उद्या त्या शेतावर नेतो, कुठं आहेत ते कुणाला कळत नाही. मागच्या वर्षी तिची धाकटी बहीण तिकडंच तापानं गेली आणि हिला ते कळलं बापानं घरी आल्यावर, दीड महिन्यानं. म्हणून या वर्षी बापानं तिला फोन घेऊन दिला, मोठ्या काचेचा. तिनं तो माझ्याकडं आणला. म्हणाली, मावशी, तुह्या कोठीत ठेव, मी फक्त रविवारी पाहीन. मी ठेवला. तांदळाच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, खोल. रविवारी ती यायची, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहायची, रेंज तिथंच येते, आणि दोन मिनिटांत परत आणून द्यायची.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मॅडम दोन दिवसांसाठी गडचिरोलीला गेल्या, त्याच आराखड्याच्या प्रशिक्षणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षभाऊ आणि दोघं सदस्य तपासणीला आले. त्यांनी पोरींच्या पेट्या उघडल्या, गाद्या झटकल्या, मग कोठी उघडायला सांगितली. कट्ट्यात हात घातला तो एका सदस्यानं. फोन निघाला. मागं तिनं बापाचं नाव कागदावर लिहून चिकटवलेलं होतं, त्यावरून तिला बोलावलं.

ती आली आणि माझ्याकडं एकदा बघितलं. म्हणाली, मीनं लपवला, मावशीले माहीत नाई. अध्यक्षभाऊंनी तिच्या कानशिलात मारली. ती पडली नाही, फक्त मान वळली. त्यांनी विचारलं, कोणाशी बोलते. ती म्हणाली, बापाशी. त्यांनी दुसरी मारली. मग ते माझ्याकडं वळले.

"कोठीची किल्ली तुह्या गळ्यात, अन् तुले माहीत नाई?"

मी म्हटलं, नाही माहीत.

फोनचं झाकण निघेना. अध्यक्षभाऊंनी नख घातलं, विळ्याचं टोक घातलं, ते निघणारं झाकणच नव्हतं. मी म्हटलं, भाऊ, मॅडमले येऊ द्या. तसा सदस्यांपैकी एक हसला, म्हणाला, मास्तरीणबाईच्या परवानगीनं आता मिरची पण कांडणार का. अध्यक्षभाऊ हसले नाहीत. मुसळ उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"उखळात डोस्कं घातलं, आता कायले भेते? असाच कांड."

आता जे लिहिते ते मी पुढं झालेल्या समितीच्या बैठकीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मी जोरानं मारलं. लागत होतं त्याच्यापेक्षा जोरानं. मला वाटलं, हळू मारलं तर यांना कळेल की मला माहीत होतं, आणि किल्ली जाईल, शाळा जाईल, मला पुन्हा त्या गाड्या उलट्या धराव्या लागतील. म्हणून मी टाचा उचलून, दोन्ही हातांनी, वरून मुसळ टाकलं. एक. काच गेली. तिनं सारलं. दोन. फोन वाकला. तिनं सारलं. तिचा श्वास माझ्याशी एकदम जुळलेला होता, ती रडतच नव्हती. तीन. मुसळाच्या खालचं लोखंडी कडं कशात तरी रुतलं. मी ते ओढून वर घेतलं आणि तिचा हात आत गेला.

आधी फुसफुसलं, साप डिवचल्यासारखं. मग पांढरा धूर, आणि धुरातून ज्वाळा सरळ वर आली, उखळाच्या तोंडाएवढी जाड. तिनं हात ओढला, पण तिच्या हाताला काहीतरी चिकटून पेटत होतं, ते हाताबरोबर बाहेर आलं. ती ओरडली नाही. हात झटकत राहिली आणि तिच्या झटकण्यानं ठिणग्या तिच्याच ओढणीवर पडत होत्या. मी तिला केसांनी धरलं, ओढत नेलं आणि हात तांदूळ धुवायच्या टोपात खांद्यापर्यंत बुडवला. पाणी उकळल्यासारखं वाटलं. मागं एका सदस्यानं उखळात बादली ओतली तर ते पुन्हा भडकलं आणि त्याच्या धोतराला लागलं. तो पटांगणात लोळला. लहान पोरी किंचाळत पळाल्या. धूर गोडसर होता, घसा कापत जाणारा, त्यात जुन्या मिरचीचा खकाणा. शेवटी अध्यक्षभाऊंनी झाडाखालचं ते रेतीचं घमेलं आणलं, फुगलेले टॅबलेट लाथेनं बाजूला काढले आणि रेती उखळात पालथी केली.

टोपातून तिचा हात काढला तेव्हा दोन बोटांची कातडी पाण्यातच राहिली, भिजलेल्या कागदासारखी. उजवा हात. बोर्डाच्या परीक्षेला दीड महिना होता.

अध्यक्षभाऊंच्याच जीपनं तिला तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील, पण मूठ मिटायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. पेन धरायचं नावच काढू नका. ती छताकडं बघत होती. मला म्हणाली, मावशी, हॉलतिकीट आलं का पाहजो.

दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर अध्यक्षभाऊंनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पोलिसात गेलं तर तू पहिली, मुसळ तुह्या हातात होतं. मग म्हणाले, असं सांगू की पोरीनं फोन चोरून गादीत चार्जिंगला लावला अन् तो फुटला. कोणी कांडला नाई. तुही नोकरी राहते, आमचंही राहते.

"अन् पोरीचं?" मी विचारलं.

"तिच्यानं आग लागली म्हणून तिचं नाव कमी होईन. तसंही आता हातानं काय लिहिते ते?" मग कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, तू दूरची. तुह्यासाठी इथी कोण उभा राहीन?"

हे त्यांनी दरडावून नाही विचारलं. खरंच विचारलं. आणि मला एकही नाव सुचलं नाही.

मॅडम आल्या. त्यांना गादीतल्या फोनची गोष्ट सांगितली गेली. त्या स्वयंपाकघरात आल्या, उखळातल्या रेतीकडं बघितलं, मुसळाच्या काळ्या पडलेल्या टोकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही. पंप ओढला आणि गेल्या. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते, इतकी घाबरले होते. तीन दिवस मी भात करपवला. पोरी करपलेला भात मुकाट खात होत्या, कारण सगळ्यांनी सगळं पाहिलेलं होतं, आणि मोठी माणसं काय ठरवतात याची वाट बघत होत्या.

चौथ्या दिवशी बैठक. तिच्या बापाला तेलंगणातून बोलावलेलं होतं. तो रात्रभर प्रवास करून आला, नखं मिरचीनं लाल, खांद्यावर लहान कुऱ्हाड, त्यांच्याकडं माणूस ती घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. मुलगी पण होती, दवाखान्यातून त्याच दिवशी आणलेली, हात गळ्यात बांधलेला. नाव कमी करायचा ठराव लिहून तयार होता. ठराव झाला असता तर बाप तिला त्याच दुपारी घेऊन जाणार होता, मिरचीच्या शेतावर, आणि पुढं लग्न लावून कुणाच्या तरी घरात. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला चहा द्यायला बोलावलं होतं.

मी ट्रे ठेवला. अध्यक्षभाऊ म्हणाले, बाई, तू होती तिथी, सांग काय झालं ते.

मी सांगितलं. फोन माझ्या कोठीत मीच ठेवला होता. मला माहीत होतं तो कुणाचा आणि कशासाठी. माहीत नाही म्हटलं ते खोटं. मुसळ मी मारलं, आणि भीतीनं जोरात मारलं. पोरीनं गादीत काही लावलं नव्हतं.

बापाला मराठी थोडी येते. त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा तो उठला, कुऱ्हाड उलटी धरली आणि दांड्यानं माझ्या खांद्यावर मारलं. काहीतरी कट्‌ झालं. दुसरा पाठीत बसला, मी कपांवर पडले. मला वाटलं, आता पातं फिरवेल. मी हात आडवा केला नाही. शहाणपणानं नाही, हात उचलतच नव्हता. तिसरा घाव यायच्या आधी अध्यक्षभाऊंनी मागून दांडा धरला. झटापटीत दांडा त्यांच्याच तोंडावर आला, ओठ फाटला, पांढऱ्या सदऱ्यावर रक्त. ते दांडा सोडेनात. मॅडम मधी शिरल्या, त्यांना दम लागला, त्या भिंतीला टेकल्या, आणि पोरगी तिच्या भाषेत बापाला एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मग अध्यक्षभाऊ खाली बसले, जमिनीवर, फुटलेल्या कपांत.

"मीनंच सांगतलं होतं," ते म्हणाले. "कांड म्हणून."

त्यांनी ठरावाचा कागद ओढला, रक्ताच्या बोटांनी दोन तुकडे केले. मग तोंडाला उपरणं धरून बाहेर गेले.

माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. बापानं दोनच मारले, हे मी त्याचे उपकार समजते. माझ्या मुसळाचे तीन होते. मॅडमनं मला दवाखान्यात नेलं, पट्टा बांधून आणलं, आणि मी गळ्यातली किल्ली काढून द्यायला गेले तर म्हणाल्या, एका हातानं कुलूप उघडता येतं. त्यांचं हे बोलणं मला किती दिवस पुरलं ते सांगता येणार नाही.

पण नाव राहिलं म्हणून पोरगी राहिली असं नव्हतं. बाप म्हणाला, हात गेला, आता शाळा कायले. मिरचीचा तोडा अर्धा सोडून आला होता, म्हणून लगेच परत गेला, पण जाताना मॅडमला सांगून गेला की पुढच्या सोमवारी येतो, आईले घेऊन, अन् हिले नेतो. मॅडमनं बोर्डाकडं लेखनिकासाठी अर्ज केला होता, नववीतली एक मुलगी लिहायला तयार होती. बापानं ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. हो अशी नाही, नाही अशी पण नाही.

त्याच आठवड्यात मॅडमनं आराखडा पुरा केला. कोरा रकाना भरला. फोन सापडला तर फोडायचा नाही, लोखंडी कपाटात चिठ्ठी लावून ठेवायचा. ज्यांचे आई-बाप बाहेरगावी कामाला आहेत त्यांनी तो उघड आणून द्यायचा. रविवारी अकरा ते एक, टाकीजवळ, एकेकीला दहा मिनिटं, एक मोठी बाई तिथं हजर. नंबर वहीत लिहिलेलाच लागायचा, दुसऱ्या नंबरवर नाही. समितीत यावर पण कॉलर धरेपर्यंत गेलं. एक जण म्हणाला, आज दहा मिनिटं द्या, उद्या पोट्ट्या पळतील. अध्यक्षभाऊंच्या ओठाला टाके होते, त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला. आधी कुणाला कळलं नाही की तो कशासाठी वर केला. मग मोजला गेला.

पहिल्या रविवारी कपाटातून अकरा फोन निघाले. पोरींकडं एवढे होते हे त्याआधी कुणालाच माहीत नव्हतं. रांग लागली. मी टाकीच्या पायरीवर वही घेऊन बसले, डावा हात पट्ट्यात, उजव्यानं वेळ लिहीत. ती शेवटी आली. तिच्याकडं आता फोन नव्हता, मॅडमनं त्यांचा दिला. डाव्या हातानं नंबर दाबायला तिला वेळ लागला, दोनदा चुकला. मी मदत करू का विचारलं नाही. माझ्या हाताला तिनं नको म्हटलं असतं तर मला सहन झालं नसतं.

लागला. ती टाकीच्या सावलीत माझ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि माडियात बोलली. आवाज चढवला नाही. मधे तिकडून कुणीतरी जोरानं बोलत होतं, मला चार हातांवर ऐकू येत होतं, बाईमाणसाचा रडण्याचा आवाज पण. तिनं फोन कानापासून थोडा लांब धरला, थांबली, परत जवळ आणला आणि दोन वाक्यं बोलली. मग ठेवला. दहातली सात मिनिटं झाली होती.

मी विचारलं, बापाले काय म्हणाली.

"म्हणलं, येऊ नको," ती म्हणाली. "सोमवारी माह्या भूगोलाची सराव परीक्षा आहे. बोर्डाचे पेपर झाल्यावर मीच येईन."

"मंग बाप काय म्हणला?"

"रागावला." तिनं फोन ओढणीला पुसून माझ्यासमोर ठेवला. "मंग विचारलं, लिहिणारी पोट्टी कोणाची हाये, बरोबर लिहिते का."

मी वहीत तिच्या नावापुढं वेळ लिहिली. ती वही ओढून सही करायला वाकली. डाव्या हातात पेन धरलं, ते घसरलं, पुन्हा धरलं. मी वही दाबून धरली.